अंड्याचा विटाळ कुणाला?

नोव्हेंबर 2023 मध्ये शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू केले. जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी बंद! हवे तर म्हणे लोकवर्गणी काढा. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात; विटाळ मानणाऱ्यांना त्याचे काय?

आम्ही नाशिककर रविवारी लेकरांना घेऊनच स्वयंपाकाला लागतो. मुलगा पेठ-सुरगाण्याकडच्या नागलीची भाकरी थापतो, धाकटी अंडी फोडते, सुकटीला कांदा चिरते. भाकरी वेडीवाकडी होते, होऊ द्या. चूल बाईचीच, हे मनुवादी खूळ पोराच्या डोक्यातून तिथेच उतरते. सुकटीच्या वासाने शेजारची खिडकी बंद होते, तीही आम्ही पाहतो.

परवा धाकटीने डब्याला उकडलेली दोन अंडी मागितली. एक मैत्रिणीसाठी.