मिसुरीतला परवाना गेला, त्यानंतर

बंदूक आणि कायदा : भाग ६

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात १९२१पासून एक साधा नियम होता. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर घ्यायचं तर आधी आपल्या काउंटीच्या शेरीफच्या कार्यालयात जायचं, ओळखपत्र दाखवायचं, अर्ज भरायचा. शेरीफ रेकॉर्ड तपासणार, सगळं ठीक असेल तर परवाना देणार, आणि तो परवाना ३० दिवसांच्या आत वापरायचा. नियम दुकानदाराला होता तसाच शेजाऱ्याला आणि आतेभावालाही होता. घरातलं जुनं पिस्तूल ओळखीत विकायचं असलं तरी घेणाऱ्याचा परवाना बघितल्याशिवाय ते त्याच्या हातात द्यायचं नाही. राज्याच्या विधिमंडळाने हा नियम रद्द केला आणि २८ ऑगस्ट २००७पासून शेरीफकडची ही फेरी संपली.

मागच्या भागात आपण न्यायालयातली लढाई पाहिली. त्या लढाईत दोन्ही बाजू एकच विधान उलटसुलट वापरतात : कायदे कडक केले की गुन्हे कमी होतात, किंवा होत नाहीत. हे तपासायचं कसं, ही खरी अडचण. कडक कायदे बहुधा एखाद्या मोठ्या हत्याकांडानंतर येतात. तेव्हा पोलीसही जागे झालेले असतात, पैसाही ओतला जातो, लोकही धास्तावलेले असतात. नंतर गुन्हे घटले तर श्रेय नेमकं कशाला द्यायचं? मिसुरीत उलटं घडलं. कोणतंही संकट नसताना, फारसा गाजावाजा न होता, जुना कायदा निघून गेला. संशोधकांच्या दृष्टीने अशी संधी क्वचित मिळते, आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या डॅनिएल वेब्स्टर यांच्या गटाने ती सोडली नाही.

परवाना गेल्यावर काय उरलं, ते आधी समजून घ्यायला हवं. केंद्रीय कायदा उरला. १९९३च्या ब्रेडी कायद्याने परवानाधारक दुकानदाराला गिऱ्हाइकाची चारित्र्य पडताळणी करणं बंधनकारक केलं. १९९८च्या नोव्हेंबरपासून ही पडताळणी एफबीआयच्या संगणकावर होते आणि बऱ्याचदा काही मिनिटांत उरकते. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा. त्यात एक प्रश्न असतो : ही बंदूक तुम्ही खरोखर स्वतःसाठीच घेताय ना? ‘हो’वर खूण केली की काम झालं. आपल्याकडे जमिनीची बेनामी खरेदी चालते तशीच तिकडे बंदुकीची चालते. गुन्ह्यात सजा झालेल्या माणसाची मैत्रीण किंवा भाऊ दुकानात जातो, स्वतःच्या नावावर पिस्तूल घेतो आणि बाहेर येऊन देऊन टाकतो. शिवाय हा केंद्रीय नियम दुकानदारांपुरताच आहे. धंदा म्हणून न विकणारा खासगी माणूस कुणाला काही न विचारता विकू शकतो. मिसुरीचा परवाना नेमकी हीच फट बुजवत होता.

वेब्स्टर यांच्या गटाने २०१४ साली निष्कर्ष मांडले. शेजारची राज्यं, देशातला एकूण कल, बेकारी, गरिबी, तुरुंगातल्यांची संख्या हे सगळं हिशेबात धरूनही, २००८ ते २०१२ या काळात मिसुरीत दर वर्षी ५५ ते ६३ खून जास्त झाले असावेत, असा त्यांचा अंदाज होता. ही वाढ बंदुकीने झालेल्या खुनांत होती. चाकू, दांडकं, गळा आवळणं अशा खुनांत तसं काही घडलं नाही. हा भाग महत्त्वाचा आहे. राज्यातली माणसंच अचानक रागीट झाली असती, तर चाकूचे खूनही वाढायला हवे होते.

मला मात्र खुनांच्या आकड्यापेक्षा दुसरा एक धागा जास्त पटतो, आणि तो समजायचा तर वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग गावी जावं लागतं. तिथे केंद्र सरकारच्या एटीएफ खात्याचं बंदुकांचा माग काढणारं केंद्र आहे. एखाद्या गुन्ह्यात पिस्तूल सापडलं की स्थानिक पोलीस त्याचा अनुक्रमांक तिथे पाठवतात. पुढचं काम मोठं मजेशीर, खरं तर कीव येण्यासारखं आहे. बंदूकमालकांची देशव्यापी नोंदवही ठेवायला १९८६च्या कायद्याने केंद्र सरकारला मनाई केली. त्यामुळे अनुक्रमांक टाकला की मालक समोर आला, अशी सोय नाही. कर्मचारी आधी कारखान्याला फोन करतात : हा माल कोणत्या घाऊक व्यापाऱ्याला गेला? मग त्या व्यापाऱ्याला, मग किरकोळ दुकानदाराला. दुकान बंद पडलं असेल तर त्याच्या वह्या आणि फॉर्म खोक्यांतून मार्टिन्सबर्गला आलेले असतात. खोकी इतकी साठली की इमारतीबाहेर जहाजी कंटेनर उभे करावे लागले. ती पानं स्कॅन होतात, पण नावावरून शोधता येईल अशा पद्धतीने साठवता येत नाहीत. चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या देशात एका खुनातल्या पिस्तुलाचा मालक शोधायला कुणीतरी बसून एकेक पान पाहत असतं.

तरीही या केंद्राची आकडेवारी बोलकी आहे. परवाना होता तेव्हा मिसुरीत पोलिसांना गुन्ह्यांत सापडलेल्या आणि माग लागलेल्या बंदुकांपैकी साधारण ५६ टक्के मूळच्या मिसुरीतल्याच दुकानांतून विकल्या गेलेल्या होत्या. बाकीच्या बाहेरून यायच्या. परवाना गेल्यानंतर हे प्रमाण चढत चढत ७२ टक्क्यांच्या आसपास गेलं. म्हणजे गुन्हेगारांना दुसऱ्या राज्यातून माल आणण्याची गरज कमी झाली, तो गावातच मिळू लागला. दुकानातून विकली गेल्यावर थोड्याच काळात गुन्ह्यात सापडणाऱ्या बंदुकांचं प्रमाणही दुपटीच्या घरात गेलं. खून शंभर कारणांनी वाढतात. पण बंदुकीचा दुकानापासून गुन्ह्यापर्यंतचा प्रवास अचानक आखूड होतो, त्याला कारणं फार थोडी असतात.

आता कनेक्टिकट. तिथे १९९५ साली उलटा निर्णय झाला : पिस्तूल घ्यायचं तर परवाना, किमान वय २१, हाताचे ठसे आणि किमान आठ तासांचं प्रशिक्षण. पुढच्या दहा वर्षांत बंदुकीने होणारे खून अपेक्षेपेक्षा ४० टक्क्यांनी कमी झाले, असा निष्कर्ष २०१५ साली त्याच विद्यापीठातून आला आणि जगभर छापला गेला. पण ‘अपेक्षा’ कशी ठरवली? इतर राज्यांच्या आकड्यांची मोळी बांधून एक ‘कृत्रिम कनेक्टिकट’ तयार केलं, आणि कायदा नसता तर काय झालं असतं ते त्यावरून काढलं. या मोळीत सर्वांत मोठा वाटा एकट्या ऱ्होड आयलंडचा होता. ते राज्य इतकं छोटं की तिथे एखाद्या वर्षी पाच-दहा खून इकडेतिकडे झाले तरी दर उडी मारतो. टीकाकारांनी यावर बोट ठेवलं आणि ते रास्त होतं. जास्त वर्षांची आकडेवारी घेऊन २०२०मध्ये हिशेब पुन्हा मांडला गेला, तेव्हा घट २८ टक्क्यांवर आली. दिशा तीच राहिली. ४० हा आकडा मात्र आता कुणी छातीठोकपणे सांगू नये.

कायदे कडक केले म्हणजे झालं, असं मानणाऱ्यांनी कॅलिफोर्नियाकडेही पाहावं. तिथे १९९१पासून खासगी विक्रीतही पडताळणी सक्तीची झाली. कागदावर हा कायदा मिसुरीच्या जुन्या नियमापेक्षा कमी कडक नव्हता. पण पुढच्या दहा वर्षांत बंदुकीच्या खुनांवर त्याचा ठळक परिणाम संशोधकांना सापडला नाही. रेकॉर्ड अपुरं होतं, आणि खासगी विक्रेते नियम किती पाळतात यावर कुणाची नजर नव्हती. दोन्हीकडे पडताळणीच आहे, मग फरक कुठे पडतो? माझ्या मते टेबलाच्या पलीकडे कोण बसलंय, यात. दुकानदाराला माल खपवायचा असतो. शेरीफला खपवायचा नसतो. आणि दुसऱ्याच्या नावावर खरेदी करायला निघालेली मैत्रीण दुकानात खोटी खूण करायला जितकी तयार असते, तितकी पोलिसांसमोर ठसे द्यायला नसते.

‘गुन्हेगार कायदा पाळतात थोडेच?’ हा आक्षेप इथे हमखास येतो. पाळत नाहीत, हे खरंच आहे. तुरुंगातल्या कैद्यांच्या २०१६च्या केंद्रीय पाहणीत, गुन्ह्याच्या वेळी बंदूक बाळगणाऱ्यांपैकी जेमतेम दहा टक्क्यांनी ती दुकानातून घेतली होती. ४३ टक्क्यांनी ती रस्त्यावरच्या चोरट्या बाजारातून मिळवली होती. पण चोरट्या बाजारातही माल कुठून तरी यावाच लागतो, आणि तो जवळजवळ सगळा कधीतरी कायदेशीर दुकानातूनच निघालेला असतो. शिकागोतल्या चोरट्या बाजाराचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. दुकानात ५० ते १०० डॉलरला मिळेल असं जुनं पिस्तूल तिथे २५० ते ४०० डॉलरला जात होतं, तेही ओळख असेल तर. अनोळखी माणसाला कुणी विकत नाही, कारण तो पोलिसांचा माणूस असू शकतो. पंचवीस वर्षांच्या सराईताला हे जमतं. अठरा वर्षांच्या, आज संध्याकाळी कुणाशी तरी भांडण झालेल्या पोराला ते आज संध्याकाळीच जमेल असं नाही.

भांडणाचं नाव निघालंच आहे, तर ‘हिंसक गुन्हे’ या मोठ्या खोक्यात काय काय येतं तेही पाहू. मारामारी, लुटालूट, बलात्कार, खून सगळं त्यात असतं. बंदुकीच्या कायद्याने मारामाऱ्या कमी होतात याला मजबूत पुरावा नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणंही चूक आहे. फ्रँकलिन झिमरिंग यांनी १९६८ साली शिकागो पोलिसांची कागदपत्रं चाळून दाखवलं की, बंदुकीचा हल्ला चाकूच्या हल्ल्यापेक्षा सुमारे पाच पट प्राणघातक ठरतो, आणि बहुतेक वेळा हल्लेखोराने ठरवून काही केलेलं नसतं. हाताशी जे होतं ते त्याने उचललं. नंतर गॉर्डन हॉकिन्स यांच्यासह त्यांनी न्यूयॉर्क आणि लंडनची तुलना केली. चोऱ्या आणि घरफोड्यांत लंडन मागे नव्हतं. खुनांत न्यूयॉर्क कितीतरी पटींनी पुढे होतं. २०१८ साली बॉस्टनमध्ये अँथनी ब्रागा आणि फिलिप कुक यांनी याहून बारीक प्रश्न विचारला : गोळीची जाडी किती होती? त्यांच्या हिशेबाने, सगळे हल्ले तेच, हल्लेखोर तेच, फक्त सगळी पिस्तुलं लहान गोळीची असती, तर खून सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले असते. गुन्ह्यांची संख्या तीच राहिली असती.

आत्महत्यांवर या लेखमालेत स्वतंत्र भाग येणार आहे, म्हणून इथे एवढंच : २०२१मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या.

दुसरी बाजू राहून जाऊ नये. २०२० साली अमेरिकेत खून एका वर्षात जवळपास ३० टक्क्यांनी वाढले. हे कडक कायद्यांच्या राज्यांतही झालं आणि सैल कायद्यांच्याही. पुढे २०२३ आणि २०२४मध्ये ते झपाट्याने उतरले, तेही दोन्हीकडे. मिसुरीत तर २०१७पासून पिस्तूल लपवून घेऊन फिरायलाही परवाना लागत नाही, तरीही सेंट लुईसमधले खून २०२०च्या २६३वरून २०२४मध्ये १५०च्या आसपास आले. महामारी, पोलिसांवरचा लोकांचा विश्वास, शहराच्या तिजोरीतला पैसा या लाटा कायद्यापेक्षा उंच असतात. परवान्याचा परिणाम शोधायचा तो या लाटांच्या खाली, एक राज्य दुसऱ्याशेजारी ठेवून आणि दहा-पंधरा वर्षांचे आकडे घेऊन. टीव्हीवरच्या चर्चेला एवढा धीर नसतो.

न्यायालयांत परवान्याची पद्धत सध्या तरी तगून आहे. मेरिलँडने २०१३ साली ठसे आणि प्रशिक्षणासह पिस्तूल-परवाना आणला. बंदूक-नियमांची घटनात्मक कसोटी कडक करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या ब्रुएन निकालानंतर तो टिकणार नाही असं अनेकांना वाटलं होतं. ऑगस्ट २०२४मध्ये चौथ्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तो वैध ठरवला आणि जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरचं अपील ऐकायला नकार दिला.

मिसुरीची वाट वेगळीच आहे. राज्याने २०२१मध्ये आणखी एक कायदा केला : केंद्राचे काही बंदूक-नियम राबवायला मदत करणाऱ्या स्थानिक पोलीस खात्यांवर ५० हजार डॉलरच्या दंडासाठी दावा लावता येईल. केंद्रीय न्यायालयांनी तो घटनाबाह्य ठरवला. राज्यातल्या खुनांचा मोठा वाटा सेंट लुईस आणि कॅन्सस सिटी या दोन शहरांत असतो. तिथल्या नगरपरिषदांना शेरीफकडची ती जुनी फेरी आपल्यापुरती परत आणायची असेल, तरी आणता येत नाही. बंदुकांबाबत शहरांनी स्वतःचे नियम करू नयेत, असा राज्याचा जुना कायदा आहे. शहर आणि राज्य यांच्यातली ही ओढाताण पुढच्या आठवड्यात.