शब्द कोणाचे? आपल्या सुरेश भटांचे!



हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर गाणी जोरात चालू असतात. गाणारे कोण ते सर्वांना ठाऊक. पण शब्द कोणाचे म्हणून विचारा, सगळे गप्प! त्यातली काही गाणी तर आपल्या नागपूरकराची आहेत.

कविवर्य सुरेश भट यांचा जन्म १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीस झाला. लहानपणीच पोलिओने पाय अधू झाला. पुढे मुक्काम नागपुरी. १९६१ साली ‘रूपगंधा’, १९७४ ला ‘रंग माझा वेगळा’ आणि १९८३ ला ‘एल्गार’ हे संग्रह निघाले. सिनेमासाठी त्यांनी गाण्यांचा रतीब घातला नाही. लिहिले ते मोजके, पण कसदार. ‘घरकुल’ला सी. रामचंद्रांची चाल लाभली. ‘सिंहासन’ (१९७९) व ‘उंबरठा’ (१९८२) यांना हृदयनाथ मंगेशकरांची. आशाताई, लतादीदींच्या आवाजात ती गाणी घरोघर गेली. ‘सिंहासन’मधले गाणे तर चळवळीतही म्हटले गेले.

याहून मोठे काम वेगळेच. गझलेचे नियम त्यांनी ‘गझलेची बाराखडी’त सोपे करून मांडले आणि नव्या कवींच्या हाती दिले. आपण म्हणतो ना, चांगले बेणे एकट्याच्या वावरात ठेवू नये, शेजाऱ्यालाही द्यावे. त्यांनी तेच केले. म्हणून आज खेड्यापाड्यांतली पोरेही मराठी गझल लिहितात.

१४ मार्च २००३ रोजी भट गेले. नागपुरात रेशीमबागेत २०१७ पासून त्यांच्या नावाचे सभागृह उभे आहे. आपल्या घरी कोणी पोरगा-पोरगी वहीत कविता लिहीत असेल, तर रागावू नका. ती बाराखडी मात्र जरूर आणून द्या.

— ऊस विकास अधिकारी