अ‍ॅप बनवलंत, आता चालवणार कोण?

जुना लॅपटॉप, घरचं वायफाय आणि एक साधं अ‍ॅप. एवढ्या सामानावर हिंगोलीत बसून स्वतंत्र प्रोग्रामर होता येतं का? सुरुवात तर नक्की होते. फक्त कोडिंगच्या क्लासमध्ये सहसा न शिकवलेली एक गोष्ट त्यासाठी शिकावी लागते.

फेब्रुवारी उजाडला की वसमत, कळमनुरी, औंढ्याच्या शिवारात हळदीची लगबग असते. काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश आणि मग मार्केट यार्डातली बीट. घराला दोन-तीन महिने उसंत नसते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, पण या सगळ्या धावपळीचा हिशोब बऱ्याच घरांत अजूनही एका वहीतच असतो. कोण किती दिवस कामाला आलं, टोळीला किती एकरांचं गुत्तं दिलं, कोणाला किती उचल दिली, पट्टीतून हमाली-तोलाई किती कापली, सगळं त्या वहीत. वही भिजली किंवा हरवली की उरतो तो तोंडी हिशोब. आणि तोंडी हिशोबात भांडण ठरलेलं.

ही वही मोबाइलमध्ये का नाही, असं तुमच्या मनात कधी आलंय? मग तुमच्याकडे पहिल्या अ‍ॅपचा विषय तयार आहे. स्टार्टअपची भन्नाट आयडिया वगैरे शोधत बसायची गरज नाही.

आधी फोनपुरतं

असं अ‍ॅप बनवणं आज फार अवघड राहिलेलं नाही. कोटलिन शिका, फ्लटर शिका किंवा साध्या एचटीएमएल-जावास्क्रिप्टमध्ये ब्राउझरवर चालणारं अ‍ॅप बनवा. कोड लिहायला एआय मदतीला आहेच. चार फॉर्म, एक यादी, एक बेरीज. महिनाभर चिकाटीनं बसलात तर चालतं-बोलतं काहीतरी उभं राहतं.

त्यातल्या नोंदी कुठे साठतात? अँड्रॉइड अ‍ॅप असेल तर बहुतेक वेळा एसक्यूलाइटमध्ये. ही गोष्ट माहीत असायला हवी अशी आहे. रिचर्ड हिप हा अमेरिकी प्रोग्रामर एका युद्धनौकेच्या सॉफ्टवेअरवर काम करत होता. डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की त्याचं सॉफ्टवेअरही अडून बसायचं. म्हणून २००० मध्ये त्यानं सर्व्हरच लागणार नाही असा छोटासा डेटाबेस लिहिला. आज तो प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे आणि प्रत्येक आयफोनमध्येही. त्याची देखभाल आजही मोजकी दोन-तीन माणसंच करतात.

आपल्याला ही गोष्ट कामाची आहे, कारण शेतात रेंज नसते. म्हणून नियम एकच ठेवा. नोंद आधी फोनमध्ये लिहिली गेली पाहिजे, नेट आलं की पुढे जाईल. नेट नाही म्हणून हजेरी लागली नाही, असं होता कामा नये.

मग सर्व्हर कशाला?

कारण वही एकाच्या फोनमध्ये राहून भागत नाही. वडील शेतात हजेरी लावतात, आई घरी उचल देते, भाऊ पुण्यातून पैसे पाठवतो. तीन फोन आणि वही एक. त्यासाठी मधे एक असा कॉम्प्युटर लागतो, जो कायम चालू असतो आणि विचारलं की उत्तर देतो. सर्व्हर म्हणजे एवढंच. त्यासाठी गार खोलीत निळे दिवे लुकलुकायची गरज नाही.

जगातला पहिला वेब सर्व्हर टिम बर्नर्स-ली यांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर चालायचा. जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत तो कॉम्प्युटर आजही जपून ठेवलाय. त्यावर हातानं लिहिलेली एक चिठ्ठी आहे. मतलब असा, की हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका! तुमच्याही घरी अशी चिठ्ठी लावावी लागणार आहे. नाहीतर फोन चार्ज करायला कोणीतरी तुमचा प्लग काढणारच.

घरात पडून असलेला जुना लॅपटॉप यासाठी मस्त. त्याचा स्क्रीन फुटलेला असला तरी चालतो. त्यावर डेबियनसारखी फुकट मिळणारी लिनक्स टाका. लॅपटॉपचा आणखी एक फायदा म्हणजे त्याची बॅटरी. लाइट गेली तरी तो काही वेळ तग धरतो, म्हणजे यूपीएस आतच आलं. फक्त बॅटरी फुगलेली नाही ना, ते आधी बघा. फुगली असेल तर ती काढून टाका, तिथे जोखीम नको. राउटरला मात्र बॅटरी नसते, त्याला वेगळा मिनी यूपीएस लावा. आणि एप्रिल-मेमध्ये लॅपटॉप पत्र्याखाली ठेवू नका.

वीजबिलाचं काय? हिशोब सोपा आहे. असा लॅपटॉप निवांत चालू असताना साधारण १५ वॅट खातो असं धरा. १५ गुणिले २४ तास गुणिले ३० दिवस म्हणजे १०,८०० वॅट-तास. महिन्याला जवळपास ११ युनिट. घरच्या बिलातला दर बघून गुणाकार करा आणि बाबांना आकडा आधीच सांगा.

पत्ता नसलेलं घर

इथवर सगळं छान जमतं. मग तुम्ही भावाला लिंक पाठवता आणि तो म्हणतो, ‘काहीच उघडत नाही बे!’

तुमचं काही चुकलेलं नसतं. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते, म्हणजे आयपीव्ही-४, एकूण सुमारे ४३० कोटीच आहेत. जागतिक पातळीवर वाटायचा त्यांचा साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. म्हणून अनेक कंपन्या एकच पत्ता शेकडो ग्राहकांत वाटून देतात. याला सीजीनॅट म्हणतात. वाड्याला टपालाचा पत्ता एक आणि आत वीस बिऱ्हाडं, असा प्रकार. तुम्ही पाठवलेलं पत्र बाहेर जातं, पण बाहेरून आपणहून आलेल्या पाहुण्याला तुमचं दार सापडत नाही.

तुम्ही सीजीनॅटमध्ये आहात का, ते तपासता येतं. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता आणि ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या वेबसाइटवरचा आयपीव्ही-४ पत्ता, दोन्ही जुळवून बघा. वेगळे निघाले तर बहुतेक करून आहातच.

मार्ग आहेत. पाहुणा आत येऊ शकत नसेल, तर आपणच बाहेर जाऊन त्याचा हात धरायचा. टेलस्केल किंवा क्लाउडफ्लेअर टनेल हेच करतात. तुमचा लॅपटॉप स्वतःहून बाहेर जोडणी करतो आणि त्याच वाटेनं उत्तरं देतो. घरच्या तीन-चार फोनांसाठी टेलस्केलसारखं खासगी जाळं उत्तम. त्यात तुमचा सर्व्हर अख्ख्या जगाला दिसतच नाही.

आणि न दिसणं चांगलंच. उघड्या इंटरनेटवर सर्व्हर ठेवला की अनोळखी बॉट दारं खटखटवायला लागतात. तुम्ही हिंगोलीत आहात की हेलसिंकीत, त्यांना फरक पडत नाही. ते फक्त सोपे पासवर्ड शोधत फिरतात. म्हणून पासवर्डनं लॉगिन बंद करा, एसएसएच की वापरा, अपडेट आपोआप होतील असं बघा आणि लागत नाही ते प्रत्येक पोर्ट बंद ठेवा.

कोणाची तरी मजुरी

आता मुद्द्यावर येऊ. तुमच्या अ‍ॅपमध्ये आता काय आहे? वीस दिवस हळद काढणाऱ्या बाईची हजेरी आहे. ती हजेरी हरवली तर तुमच्यासाठी तो एक बग असतो. तिच्यासाठी तो महिन्याचा किराणा असतो. अ‍ॅप बनवणं आणि अ‍ॅप चालवणं यात फरक आहे तो इथे.

काही गोष्टी पहिल्या दिवसापासून पाळा.

पहिली, प्रत्येक नोंदीला फोनवरच वेगळा क्रमांक द्या. रेंज येत-जात असते, तीच नोंद सर्व्हरला दोनदा पोचू शकते. क्रमांक नसेल तर उचल दोनदा लागेल आणि मजुरी दोनदा कापली जाईल. क्रमांक असेल तर सर्व्हर म्हणेल, ‘ही आलीये आधीच.’

दुसरी, खाडाखोड नको. जुने मुनीम चूक खोडत नसत, खाली उलट नोंद टाकत. तेच करा. जुनी नोंद पुसू नका, दुरुस्तीची नवीन नोंद जोडा. कोणी कधी काय बदललं हे दिसत राहतं आणि भांडण मिटवायला पुरावा हाताशी असतो.

तिसरी, बॅकअप. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर. एक प्रत लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्हवर आणि एक कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करून, नांदेडच्या मामाकडे किंवा क्लाउडवर. घरावर वीज पडली तर पेन ड्राइव्ह आणि लॅपटॉप दोन्ही सोबतच जातात, हे लक्षात ठेवा.

चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात. बॅकअप परत उघडून बघा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या मोठ्या कंपनीत एका इंजिनिअरच्या हातून चालू डेटाबेसच पुसला गेला. कंपनीकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. ऐनवेळी कळलं, की त्यातली एकही भरवशाची नाही. नशिबानं सहा तास आधीची एक प्रत सापडली, पण मधल्या सहा तासांतला डेटा गेलाच. कंपनीनं हे सगळं जगासमोर उघड मांडलं, म्हणून आपल्याला त्यातून शिकता येतं. महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर बॅकअप उघडा, एका मजुराची बेरीज करा आणि मूळ हिशोबाशी ताडून बघा. जुळली तरच तो बॅकअप.

आणि लागत नाही ती माहिती मागूच नका. हजेरीला आधार नंबर कशाला हवा? घरापुरतं ठेवाल तोवर ठीक, पण लोकांना अ‍ॅप वापरायला दिलंत की त्यांच्या माहितीची जबाबदारी तुमच्यावर येते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झालाय. जे साठवलंच नाही ते चोरीलाही जात नाही.

घरचा सर्व्हर कधी सोडायचा?

शेजारच्या गावातल्या दहा जणांनी अ‍ॅप मागितलं की खूश व्हा आणि त्याच दिवशी भाड्याच्या सर्व्हरचा विचार सुरू करा. तुमच्या घरची लाइट सहा तास गेली तर तुमच्या आईनं थांबणं वेगळं आणि अनोळखी माणसाचा हिशोब अडणं वेगळं. जुन्या लॅपटॉपवर शिकलेलं काहीच वाया जात नाही. तीच लिनक्स, त्याच कमांड, तोच बॅकअप. फक्त मशीन दुसरीकडे असतं. घरचा लॅपटॉप मग प्रयोगाला आणि जादाच्या प्रतीला राहतो.

प्ले स्टोअरची घाई मात्र करू नका. तिथे एकदाच २५ डॉलर भरावे लागतात आणि नवीन वैयक्तिक खात्याला अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. ब्राउझरवर चालणाऱ्या अ‍ॅपला यातलं काही लागत नाही. लिंक उघडा, होम स्क्रीनवर टाका, झालं. ते १२ जण मात्र तरीही शोधा. त्यातले निम्मे असे हवेत, की ज्यांना मोबाइलची फारशी सवय नाही. खरे दोष तेच दाखवतील.

पैसे मिळतात का?

हा प्रश्न घरचे विचारणारच. राजस्थानात अलवरचे शिक्षक इमरान खान स्वतःच वेबसाइट आणि अ‍ॅप बनवायला शिकले आणि पन्नासहून जास्त शैक्षणिक अ‍ॅप त्यांनी फुकट दिली. २०१५ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममधल्या भाषणात पंतप्रधानांनी त्यांचं नाव घेतलं. आपल्याच मराठवाड्यात, बीड जिल्ह्यातल्या सांगवी पाटणचे दादासाहेब भगत यांनी लॉकडाऊनमध्ये गावी परतून, रेंज मिळते तिथल्या गोठ्यात बसून डिझाइनचं सॉफ्टवेअर उभं केलं आणि त्यातून कंपनी घडवली. एकानं वाटलं, एकानं व्यवसाय केला. दोघांनी सुरुवात आहे तिथूनच केली.

प्रत्येकाच्या वाट्याला वेम्ब्ली येत नाही. पण अ‍ॅप विकण्यापेक्षा चालवून देण्यात जास्त शाश्वत कमाई आहे. गावातलं कृषी सेवा केंद्र, पिठाची गिरणी, दवाखाना, पतसंस्था. त्यांना कोड नको असतो. सोमवारी सकाळी सिस्टीम सुरू असावी आणि अडलं तर फोन उचलणारा माणूस असावा, एवढंच हवं असतं. तो माणूस हिंगोलीतला असला तर उत्तमच. आणि नोकरीच्या मुलाखतीत ‘मी अमुक कोर्स केला’ यापेक्षा ‘माझा सर्व्हर आठ महिने चालू आहे, दोनदा पडला, असा उभा केला’ हे वाक्य जास्त ऐकलं जातं.

घरच्या कॉम्प्युटरला कमी समजू नका. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा होतेय. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. जगातल्या अशा प्रयोगशाळांचा डेटा तपासायला २००५ पासून ‘आइन्स्टाइन अ‍ॅट होम’ नावाचा प्रकल्प सुरू आहे आणि त्याची गणितं चालतात सामान्य लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरांवर. याच प्रकल्पानं रेडिओ दुर्बिणीच्या डेटातून २०१० मध्ये एक नवा पल्सर तारा शोधला.

तर या रविवारी जुना लॅपटॉप माळ्यावरून काढा. लिनक्स टाका. आईची उचलीची वही मागून घ्या आणि पहिली दहा पानं भरा. मग मुद्दाम प्लग काढा, बॅटरी संपू द्या, पुन्हा सुरू करा आणि दहा पानांची बेरीज वहीशी जुळते का बघा. जुळली की चिठ्ठी लिहा आणि लॅपटॉपवर चिकटवा. मराठीतच लिहा, ठळक अक्षरात: बंद करू नये.