रानडुक्कर रोखणारे शिकारी कुत्रे

रानडुकराचा माग काढून त्याला उभे करणारे आणि माणूस पोहोचेपर्यंत भोवती भुंकत राहून त्याची कोंडी करणारे कुत्रे. ही एखादी स्वतंत्र जात नव्हे, तर कामावरून ओळखला जाणारा वर्ग आहे. शिकारी कुत्र्यांत स्थूलमानाने तीन प्रवृत्ती दिसतात : वासावरून माग काढणे, नजरेच्या टप्प्यात ठेवून पाठलाग करणे व तोंडाने धरणे. डुकराच्या कोंडीस पहिली प्रवृत्ती लागते आणि तिच्या जोडीला अंतर राखून भुंकत राहण्याचा चिवटपणा लागतो. दख्खनमधील कारवानी अथवा मुधोळ कुत्रा नजरेवर धावणारा आहे. मोकळ्या माळावर सशामागे त्याची गती अजोड असते. परंतु डुक्कर झुडपाआड गेले की त्याचा उपयोग सरतो. तमिळनाडूतील राजपालयम कुत्रा मात्र डुकराच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होता. अर्जेंटिनात आंतोन्यो नोरेस मार्तीनेस यांनी १९२८ पासून पैदा केलेला डोगो हा धरणारा कुत्रा आहे; तो रोखत नाही, भिडतो.

दख्खनमध्ये कुत्रा व डुक्कर यांच्या झुंजीचा सर्वांत बोलका पुरावा आतकूर (जि. मंड्या, कर्नाटक) येथील इ. स. ९४९–५० च्या शिलालेखात सापडतो. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या बाजूने लढलेला गंग राजा दुसरा बूतुग याच्याकडून मणलेर या वीराने बक्षीस म्हणून काली नावाचे कुत्रे मागून घेतले. पुढे ते एका मोठ्या रानडुकराशी झुंजले व दोघेही मेले. त्याच्या स्मरणार्थ दगड उभारून पूजेसाठी जमीन दिली गेली. शौर्य म्हणून गौरवलेली ही घटना शिकारीच्या दृष्टीने मात्र फसलेली कोंडीच म्हणावी लागेल. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथातही कुत्र्यांच्या साहाय्याने करावयाच्या शिकारीचे वर्णन ‘सारमेयविनोद’ या नावाखाली आले आहे.

कुत्री कोठे चुकतात हे समजण्यास डुकराची घडण लक्षात घ्यावी लागते. भारतीय रानडुकराची (सुस स्क्रोफा क्रिस्टेटस) खांद्यापाशी उंची सु. ९० सेंमी. असते; मोठ्या नराचे वजन २०० किग्रॅ.च्याही वर जाऊ शकते. नराचे खालचे सुळे वरच्या सुळ्यांवर सतत घासून धारदार राहतात आणि त्याच्या खांद्यांवर जाड, चिवट ऊतींचे जणू चिलखतच असते. तो मान खालून वर झटकून वार करतो. त्यामुळे कुत्र्याच्या पोटाला, छातीला व जांघेला जखमा होतात. मादी बहुधा चावते. नर पाठीशी बांध, खडक किंवा झुडूप घेऊन उभा राहतो. त्याला पळण्यापेक्षा उभे राहणे सोयीचे वाटावे, एवढेच कुत्र्यांचे काम असते. कुत्री त्याच्या झेपेच्या आत आली, की तो हल्ला करतो किंवा फळी फोडून निघून जातो. ती फार दूर राहिली, तर तो सावकाश चालू लागतो.

कोंडी टिकत नाही तेव्हा मालक बहुधा कुत्र्याच्या भित्रेपणाला दोष देतो. हे निदान अनेकदा चुकीचे असते. पिलांसह असलेला मादीचा कळप सहसा उभा राहत नाही. तो विखुरतो, मग कुत्रीही विखुरतात आणि प्रत्येक जनावरामागे एकच कुत्रे उरते. तेथे रोखण्याची अपेक्षाच फोल होय. कुत्र्यांची संख्या वाढवल्यानेही काम सुधारत नाही. गर्दीत चढाओढ लागते आणि एखादे आततायी कुत्रे अंगावर गेले, की बाकीची त्याचे अनुकरण करतात. मुक्याने धावणारे कुत्रे कितीही धीट असले, तरी त्याचा ठावठिकाणा माणसाला लागत नाही. माणसाचाही दोष असतो : वाऱ्याच्या दिशेने आलेला किंवा आरडाओरडा करीत आलेला मालक एका बाजूने डुकराला सावध करतो व दुसऱ्या बाजूने कुत्र्यांना भिडण्यास चिथावतो.

पूर्वी उत्तम काम करणारे कुत्रे अर्ध्या वाटेवर थांबू लागले, तर स्वभावाआधी शरीर तपासावे. गोचिडांमुळे होणारे ज्वर, जंत, पंजात रुतलेले काटे आणि तळव्यांच्या भेगा यांमुळे दम तुटतो. कुत्र्याला घाम फारच थोडा येतो. ते धापा टाकूनच शरीर थंड करते, त्यामुळे उन्हाळी दुपारी उष्माघात संभवतो. एकदा सुळ्याचा वार खाल्लेले कुत्रे मागे राहिले, तर तो भित्रेपणा नसून शिकलेला धडा असतो. अशाला पुन्हा पुढे ढकलण्याने ते कायमचे बिघडते. यूरोप-अमेरिकेत डुकरांपासून कुत्र्यांना होणारा औजेस्की रोग प्राणघातक ठरतो. म्हणून शिकारी कुत्र्यांना कच्चे डुकराचे मांस घालत नाहीत.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील संगमनेर तालुक्यात या अडचणी जागेवरूनच उद्‌भवतात. प्रवरेवरील भंडारदरा धरण (१९२६) आणि ओझरच्या बंधाऱ्यापासून निघणारे कालवे यांमुळे नदीकाठी उसाचे सलग पट्टे आहेत. पठारभाग मात्र कोरडा, माळरानाचा आहे. माळावर डुकराभोवती फेर धरता येतो. दाट उसात तो धरता येत नाही : सरींच्या बोळांतून डुक्कर निसटते, पानांच्या कडांनी कुत्र्याचे नाक-डोळे कापतात आणि कुत्र्याला मागे सरण्यास जागा नसल्याने अंतर राखणे अशक्य होते. शिवाय तेथे बिबट्या असतो. शेजारच्या अकोले तालुक्यात विष्ठेच्या तपासणीवरून केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या भक्ष्याच्या वजनापैकी ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा आढळला.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये रानडुक्कर संरक्षित आहे. पकडण्याच्या वा मारण्याच्या हेतूने त्याला हाकणे हीही कायद्याच्या व्याख्येत शिकारच ठरते. उभ्या पिकाला धोका असल्यास प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी आदेशानेच त्याला मारता येते. पीकहानीबद्दल वन विभागाकडे नुकसानभरपाईही मागता येते. त्यामुळे शेतकऱ्याच्या कुत्र्याला उरलेले काम बांधावरून इशारा देण्याचे आहे. ते काम सर्वसाधारण गावठी कुत्रे चोख करते, मात्र रात्री त्याला उसाकडेला एकटे बांधून ठेवू नये.