लाल डोरा : वहिवाट आणि दस्तऐवज

दिल्ली परिसरातील शाखेत एखादा ग्राहक घर तारण ठेवून कर्ज मागण्यास येतो. घर पक्के व तीन-चार पिढ्यांच्या वहिवाटीचे असते. मात्र मालकीचा दस्तऐवज मागितला, की उत्तर मिळते, ‘साहेब, घर लाल डोऱ्यात आहे.’ महाराष्ट्रातून बदलून आलेल्या अधिकाऱ्यास हा शब्द नवा असतो.

१९०८ च्या सुमारास जमीन महसुलाची आकारणी करताना गावाच्या नकाशावर वस्तीभोवती लाल रेषा आखण्यात आली. तोच ‘लाल डोरा’. रेषेबाहेरील शेतजमिनीवर सारा होता, म्हणून तिची खातेदारनिहाय नोंद झाली. आतील घरांवर सारा नव्हता, म्हणून नोंदही नव्हती. आपल्याकडील गावठाणाशी याचे बरेच साम्य आहे. कोणते घर कोणाचे, हे गाव जाणत असे. तेवढे पुरतही असे.

रूढीवर आधारलेला असा जमीनहक्क इंग्लंडमध्येही होता. तेथील जहागिरीत कुळाचा हक्क स्थानिक रूढीवर अवलंबून असे. परंतु जहागिरीच्या न्यायसभेच्या दप्तरात त्याची नोंद होई व तिची नक्कल कुळास मिळे. या नकलेवरूनच त्या हक्कास ‘कॉपीहोल्ड’ हे नाव पडले. १ जानेवारी १९२६ पासून ही पद्धत संपुष्टात आली. इंग्रज कुळाच्या हाती निदान नक्कल होती; लाल डोऱ्यातील घरधन्याकडे बहुधा तीही नसे.

येथेच बँकेची अडचण सुरू होते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ नुसार हक्कलेख जमा करून गहाण करता येते. परंतु हक्कलेखच नसेल तर जमा काय करावयाचे? गावाची साक्ष गावात चालते, तारणासाठी ती अपुरी पडते. परिणामी घर असूनही गरजवंतास सावकाराचे दार ठोठवावे लागते.

ही उणीव दूर करण्यासाठी २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाची ‘स्वामित्व’ योजना सुरू झाली. तीत ड्रोनद्वारे वस्तीची मोजणी करून मालमत्तापत्रक दिले जाते. तत्पूर्वी २६ जानेवारी २०२० रोजी हरियाणातील करनाल जिल्ह्यातील सिरसी हे गाव लाल डोरामुक्त घोषित झाले होते.

पत्रक मिळताच त्यातील नाव, क्षेत्रफळ, चतुःसीमा व सहहिस्सेदारांची नावे ग्राहकांनी काळजीपूर्वक तपासावीत आणि चूक आढळल्यास मुदतीत हरकत नोंदवावी. कर्मचारी बंधुभगिनींनीही ‘लाल डोरा’ हा शब्द ऐकताच अर्ज परत न करता प्रथम पत्रकाविषयी विचारणा करावी. पिढ्यानपिढ्यांच्या वहिवाटीस दस्तऐवजाची जोड मिळाली, तरच ते घर अडचणीच्या वेळी घरधन्याच्या कामी येईल.