भरपाई मिळाली, उपचार मात्र चालूच आहेत

सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या एका पत्राला उत्तर द्यायला हवं. ॲसिड हल्ल्यात भाजलेल्या मुलीचे वडील लिहितात: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने तीन वर्षांपूर्वी रक्कम मंजूर केली. आता मानेची कातडी आखडली आहे, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल. मंजूर झालेली रक्कम वाढवून मिळते का?

आधी आदेशाची प्रत काढा आणि रक्कम कोणत्या योजनेखाली मिळाली ते पाहा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (नालसा) २०१८ च्या योजनेत जिल्हा प्राधिकरणाच्या आदेशावर राज्य प्राधिकरणाकडे अपील करता येतं. मुदत ३० दिवसांची आहे. सबळ कारण असेल तर विलंब माफ होतो. पण अपिलात प्रश्न असतो तो आदेश त्या दिवशी बरोबर होता का, एवढाच. इथे आदेश चुकला असं वडील म्हणतच नाहीत. दुखणं नंतर वाढलं, असं त्यांचं म्हणणं आहे.

दुसरी वाट अनेक कुटुंबांना ठाऊकच नसते. या योजनेत साधारणपणे २५ टक्के रक्कम हाती येते आणि ७५ टक्के किमान तीन वर्षांच्या मुदत ठेवीत जाते. पीडित अल्पवयीन असेल तर ८० टक्के रक्कम ती सज्ञान होईपर्यंत ठेवीत राहते. मात्र उपचार, शिक्षण किंवा तशीच निकड असेल तर प्राधिकरणाच्या परवानगीने ठेव मुदतीआधी मोडता येते. बँकेने नाही म्हटलं म्हणून परत फिरू नका, अर्ज प्राधिकरणाकडे करा.

आणि शस्त्रक्रियेचं बिल भरण्याआधी हे वाचा. ॲसिड हल्ल्यातली पीडित लक्ष्मी हिच्या याचिकेवरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये स्पष्ट केलं की खाजगी रुग्णालयांनीही ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांवर मोफत उपचार करायचे आहेत. त्यात औषधं, जेवण, खाट आणि पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियाही येतात.

आता रक्कम वाढण्याबद्दल. याच खटल्यात २०१३ मध्ये किमान तीन लाखांची भरपाई ठरली. पुढे बिहारमधल्या ॲसिडने भाजलेल्या दोन बहिणींसाठी परिवर्तन केंद्र ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०१५ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की तीन लाख हा किमान आकडा आहे, त्याहून जास्त देण्यास राज्यांना आडकाठी नाही. त्याप्रमाणे एका बहिणीला दहा लाख आणि दुसरीला तीन लाख देण्याचा आदेश झाला. निकाल मोलाचा आहे, पण त्यासाठी दिल्ली गाठावी लागली, पाठीशी संस्था लागली.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने मंजूर रक्कम नंतर बदलण्याची गरज कायद्यातच ओळखली होती. तिथल्या १९९६ च्या कायद्यात मंजूर झालेली मदत बदलून मागण्यासाठी स्वतंत्र कलम होतं. मूळ आदेशानंतर सहा वर्षांपर्यंत अर्ज करता येई. लहानपणी अर्ज केलेल्यांना वयाच्या २४ व्या वर्षापर्यंत सवड मिळे. नवा पुरावा काय आला, परिस्थिती किती बदलली, मधल्या काळात दुसरीकडून पैसे मिळाले का, हे पाहून रक्कम कमी-जास्त होई. जुना आदेश चुकीचा ठरवण्याची गरज नसे.

हे तत्त्व आपल्याला परकं नाही. परिस्थिती बदलली की पोटगीची रक्कम बदलता येते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२७ त्यासाठीच होतं, आता नव्या संहितेत ते कलम १४६ आहे. पोटगीला जे लागू आहे, ते भाजलेल्या मुलीच्या भरपाईला का असू नये? नालसाच्या योजनेत असं कलम नाही आणि ते यायला हवं, असं मी ठामपणे म्हणतो. व्रण वाढत्या शरीराबरोबर आखडत जातात, मुलीचं शिक्षण मध्येच तुटतं, नोकरी नाकारली जाते. यातलं काहीच पहिल्या आदेशाच्या दिवशी मोजता येत नाही.

तोवर सोलापूरच्या वाचकांनी दोन वेगळे अर्ज करावेत: एक ठेव मोडण्याचा, दुसरा वाढीव मदतीचा. दोन्हींना डॉक्टरांचा ताजा दाखला आणि शस्त्रक्रियेच्या खर्चाचा अंदाज जोडा. दुसरा अर्ज नामंजूर झाला तर कारणांसह लेखी आदेश मागून घ्या, उच्च न्यायालयात जाण्यासाठी तोच कागद लागेल. वकिलाच्या फीची काळजी नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.