नोकरीतला खेळाडू : पुण्याची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आणि मराठवाडा

लष्कराच्या मालकीचा व्यावसायिक क्रीडा क्लब ही आफ्रिकेत आणि पूर्व युरोपात चांगली रुळलेली व्यवस्था आहे. रवांडाच्या सैन्याचा किगालीतील एपीआर हा क्लब फुटबॉलप्रमाणे बास्केटबॉलही खेळतो आणि देशातील आघाडीच्या संघांत गणला जातो. मॉस्कोच्या सीएसकेए या क्लबची जडणघडणही सोव्हिएत लष्कराच्याच आश्रयाने झाली. भारतीय लष्कराने निराळी वाट धरली. त्याने २००१ मध्ये ‘मिशन ऑलिम्पिक’ या उपक्रमाखाली पुण्याच्या मुंढवा-घोरपडी भागात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट ही प्रशिक्षण संस्था उभारली, जिथला खेळाडू एखाद्या क्लबशी हंगामापुरता करार केलेला नसतो, तर सैनिक म्हणून नोकरीत असतो आणि त्याचा सराव हीच त्याची ड्युटी मानली जाते. हा भेद वरवर कागदोपत्री वाटतो. परंतु जालना-बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतील घरांच्या दृष्टीने सारे काही याच एका भेदावर अवलंबून आहे.

जालना जिल्ह्याला लष्कर परके नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज आणि मराठे यांच्यात झालेल्या लढाईचे आसई हे गाव याच जिल्ह्यात येते, आणि पुढे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जालना ही लष्करी छावणी होती. आज या जिल्ह्याची सैन्यभरती छत्रपती संभाजीनगरच्या भरती कार्यालयाकडे असून, भोकरदन, अंबड, परतूर या भागांत पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले बहुधा भरतीतल्या १६०० मीटरच्या चाचणीची तयारी करत असतात. धावणे हे त्यांच्यासाठी नोकरी मिळवण्याचे साधन असते. ते पुढे आयुष्याचे काम होऊ शकते, ही शक्यता त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचते.

ती शक्यता प्रत्यक्षात कशी उतरते, याचे सर्वांत बोलके उदाहरण शेजारच्या बीड जिल्ह्यात सापडते. आष्टी तालुक्यातील मांडवा या गावचे अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात दाखल झाले ते खेळाडू म्हणून नव्हे, तर ५ महार या पलटणीतील साधे जवान म्हणून. सियाचीनची थंडी आणि राजस्थानचे वाळवंट अनुभवून झाल्यावर २०१५ मध्ये ते लष्कराच्या अंतर्गत क्रॉस-कंट्री, म्हणजे मोकळ्या माळरानावरच्या लांब पल्ल्याच्या, शर्यतींत उतरले आणि तिथून प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली स्टीपलचेसकडे वळले. स्टीपलचेस ही ३००० मीटरची अडथळ्यांची शर्यत असून तीत २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा पार करावा लागतो. हा अडथळा पुरुषांसाठी ९१.४ सेंटिमीटर उंचीचा असतो आणि पाय लागला की कोसळणाऱ्या हर्डलसारखा तो पडत नाही. जड लाकडी तुळई जागची हलत नाही, माणूसच आपटतो. पाण्यापाशी बरेच धावपटू तुळईवर एक पाय टेकवून पुढे झेपावतात, कारण खड्डा अडथळ्याजवळ सर्वांत खोल आणि पलीकडच्या टोकाला उथळ असतो, त्यामुळे उडी जितकी लांब पडेल तितके पाणी कमी लागते. दमछाक झालेल्या अवस्थेत पावलांचा हिशेब अचूक ठेवणे हे या शर्यतीचे मर्म आहे, आणि ते वर्षानुवर्षांच्या निर्वेध सरावाखेरीज साधत नाही.

असा सराव करायला पोटाची काळजी मिटलेली असावी लागते. साबळे यांनी २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक, २०२३ मध्ये हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष स्टीपलचेसपटू होण्याचा मान, असा हा चढता क्रम आहे. या सर्व काळात त्यांना दरमहा पगार मिळत होता. वीटभट्टीवर राबणाऱ्या आईवडिलांच्या मुलाला एरवी दोन हंगाम अपयशी ठरण्याचीसुद्धा मुभा नसते. लष्कराने त्यांना ती दिली, आणि आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटचे खरे सामर्थ्य कृत्रिम धावपट्टीपेक्षा किंवा क्रीडावैद्यकाच्या सोयींपेक्षा या मुभेत आहे.

साबळे हे एकटेच उदाहरण नाही. नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोही येथे विहिरी खोदण्याचे काम केलेले दत्तू भोकनळ बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमधून पुण्याच्याच लष्करी रोइंग केंद्रात आले आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावे आले. सातारा जिल्ह्यातील सरडे गावचे तिरंदाज प्रवीण जाधव हेही लष्कराचेच. भालाफेकपटू नीरज चोप्रा २०१६ मध्ये नायब सुभेदार म्हणून थेट दाखल झाले, आणि टोकियो ऑलिम्पिकमधील त्यांच्या सुवर्णपदकानंतर ऑगस्ट २०२१ मध्ये संस्थेच्या मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले.

या व्यवस्थेचा एक परिणाम महाराष्ट्राने नीट समजून घ्यायला हवा. राष्ट्रीय स्पर्धांत तिन्ही सैन्यदलांचा मिळून ‘सर्व्हिसेस’ हा संघ उतरतो आणि मराठी जवानाने त्या संघाकडून मिळवलेले पदक महाराष्ट्राच्या खात्यावर जमा होत नाही. २०२५ मध्ये उत्तराखंडच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राची एकूण पदके सर्वाधिक, म्हणजे १९८ होती. तरीही ६८ सुवर्णपदकांच्या बळावर पहिला क्रमांक सर्व्हिसेसने घेतला. यात लष्कराचा दोष नाही. गावाकडच्या मुलाला राज्याने जे दिले नाही ते लष्कराने दिले, इतकाच त्याचा अर्थ आहे.

दोष आहे तो उशिराचा. साबळे स्टीपलचेसकडे वळले ते विशी ओलांडल्यावर. त्याउलट मिझोरमचा वेटलिफ्टर जेरेमी लालरिननुंगा लहानपणीच लष्कराच्या बॉईज स्पोर्ट्स कंपनीत आला आणि सोळावे वर्ष पूर्ण होण्याआधी, २०१८ मध्ये, युवा ऑलिम्पिकचा सुवर्णपदक विजेता झाला. बॉईज स्पोर्ट्स कंपनी ही योजना साधारण ८ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी असून, शिक्षण, निवास, आहार आणि प्रशिक्षण यांची सोय लष्कर व भारतीय क्रीडा प्राधिकरण मिळून करतात, आणि वयात आल्यावर पात्र मुलांना सैन्यात भरती होता येते. अलीकडे मुलींसाठीही अशा तुकड्या सुरू झाल्या आहेत.

जालना जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांमधून तालुका पातळीवर धावणारी, कुस्ती खेळणारी पाचवी-सहावीतली मुले क्रीडाशिक्षकांच्या नजरेसमोर असतात. बॉईज स्पोर्ट्स कंपनीच्या निवड चाचण्यांची माहिती त्यांच्या पालकांपर्यंत पोहोचवणे आणि मुलांना चाचणीच्या मैदानापर्यंत नेणे, एवढे काम शिक्षकांनी आणि गावोगावच्या माजी सैनिकांनी येत्या शालेय वर्षापासून अंगावर घ्यावे.